चार्ज घेणाऱ्याची सही

४ मार्च, सोमवार

घर मिळालं आणि आवडलंही. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघरात भिंतीतलं लाकडी कपाट, आणि ट्यूबलाइट एकही नाही, सगळे साधे पिवळे दिवे. मी कुरकुर करीन अशी घरमालकाची तयारी होती. मी आभार मानले, तर बिचारा गोंधळला. ट्यूबलाइट गुणगुणते हे त्याला ऐकूच येत नाही. कुणालाच येत नाही म्हणे. सत्तावन्न वर्षं मी समजत होते की सगळ्यांना येतं, सगळे निमूट सोसतात आणि मीच तेवढी रडकी.

गेल्या महिन्यात डॉक्टरबाईंनी सांगितलं की मी ऑटिस्टिक आहे, जन्मापासून. त्यासाठी तीन बैठका झाल्या आणि एक जाडजूड प्रश्नावली. तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या अकरा चुका मी लाल शाईने दुरुस्त करून दिल्या. बाईंनी त्याचीही नोंद केली असावी. धाकट्या बहिणीला फोन केला तर म्हणाली, ताई, त्याला डॉक्टर कशाला हवा होता, मला विचारायचंस.

एका मोठ्या इस्पितळाची चौकशी खिडकी मी एकोणतीस वर्षं सांभाळली. दिवसाला तीनशे माणसं, दोन फोन, डोक्यावर लाउडस्पीकर. संध्याकाळी घरी आले की तासभर बूटसुद्धा न काढता बसून राहायचे. आता ते संपलं. राजीनामा लिहून दिला, तोंडाने काही सांगावं लागलं नाही.

दाराच्या घंटीची वायर काढून टाकली. आज दिवसभरात एकदाही हसले नाही आणि कुणाचं काही अडलं नाही.

६ मार्च, बुधवार

चार्ज देण्याचा किस्सा लिहायचा राहिला. नोकरी सोडताना एक छापील यादी भरावी लागते. वर लिहिलेलं असतं, ‘सोपवायच्या सर्व बाबी’. लोक किल्ल्या आणि शिक्के लिहून मोकळे होतात. पण सर्व म्हणजे सर्व. प्रश्न नीट वाचा आणि उत्तर पुरं लिहा, हे आमच्या कॉन्व्हेंटच्या नन्सनी हातावर पट्टी मारून शिकवलंय. तेव्हा किल्ल्या, शिक्के, वह्या मिळून तेरा बाबी झाल्यावर मी पुढे लिहिलं:

१४. खिडकीवरचं हसू. तीन मोजेपर्यंत.
१५. समोरच्याच्या डोळ्यांत न बघता दोन भुवयांच्या मध्ये बघणे.
१६. ‘हो का? अरेरे.’
१७. ‘काळजी करू नका हं.’ (हं लांबवून.)
१८. साहेबांच्या विनोदावर हसणे. इतरांनी सुरुवात केल्यावर.

चौदावी बाब मला नववीत मिळाली. एक नन म्हणाल्या होत्या, मुली, तुझा चेहरा म्हणजे बंद दार आहे, लोक परत जातील. त्यांनीच आरशासमोर उभं करून एक, दोन, तीन मोजायला लावलं. बाकीच्या मी लोकांच्या बघून उचलल्या आणि घोकल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, हे सगळं आता खाली ठेवा. मी रीतसर ठेवलं.

साहेबांनी न वाचता सही ठोकली. साहेब सहीपुरतेच साक्षर आहेत. माझ्या जागी अजून कुणी नेमलेलं नव्हतं, म्हणून ‘चार्ज घेणाऱ्याची सही’ हा रकाना कोरा राहिला. त्याखालचा ‘इतर’ही कोरा. इतर माझ्याकडे काय होतं?

११ मार्च, सोमवार

तळमजल्यावर एक टेलरबाई राहतात. पडदे शिवायला टाकले होते ते आणायला गेले, तर म्हणाल्या, काल फाटकापाशी तुमच्याशी बोलून किती बरं वाटलं हो, माझ्या गुडघ्याची इतकी चौकशी माझ्या सुनेनेही कधी केली नाही. काल रविवार. मी घराबाहेर पडले नव्हते. तसं सांगितलं. त्यावर त्या खांद्यावर चापट मारून हसल्या. म्हणाल्या, गमतीदार आहात अगदी, कालही असंच हसवलंत.

मी आजवर कुणालाही हसवलेलं नाही. जिभेला धार आहे म्हणतात ती या वहीपुरती.

पडदे चार इंच आखूड निघाले. त्याबद्दल बोलायचं राहून गेलं.

१५ मार्च, शुक्रवार

बहिणीचा फोन आला. आवाज ओला होता. म्हणाली, ताई, परवा किती वर्षांनी पोटभर बोललीस गं, नोकरी सोडलीस ते बरं केलंस, माझी ताई मला परत मिळाली.

परवा मी तिला फोन केलेला नाही. फोनमधली यादी दोनदा तपासली.

काय बोलले होते, असं विचारलं. मुलांचं, तिच्या पाठदुखीचं, सगळं. मध्येमध्ये तिला म्हणत होते, काळजी करू नका हं. ती म्हणाली, मला अहो-जाहो करत होतीस, चेष्टेखोर कुठली.

सख्ख्या धाकट्या बहिणीला ‘नका’. सतरावी बाब. यादीत जशी लिहिली होती, तशीच.

ते मी नव्हते असं सांगायला तोंड उघडलं. पण ती इतकी खूश होती. तिला माझ्यामुळे इतकं खूश झालेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

भीती वाटायला हवी. आत चाचपून पाहिलं. लिफ्ट बंद पडल्यावर असतं तसं, नुसतं थांबलेलं.

१८ मार्च, सोमवार

चौकशी खिडकीला फोन लावला. नंबर बोटांना पाठ आहे.

चौकशी, बोला, असं पलीकडची बाई म्हणाली. माझा आवाज. खिडकीवरचा, थोडा वरच्या पट्टीतला. मी फोन कानाला घट्ट धरला. तिने वाट पाहिली, मग म्हणाली, हो का? अरेरे. काळजी करू नका हं.

सगळ्यात वाईट हे की मला बरं वाटलं.

१९ मार्च, मंगळवार

भरदुपारी इस्पितळात गेले. रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे सात माणसं. काचेमागे ती. माझी निळी साडी, माझा चष्मा. प्रत्येकाला हसू. मी मोजत होते. एक, दोन, तीन. बंद. ट्यूबलाइट तिच्या डोक्यावरच होती, तिला काही होत नव्हतं.

चौथ्या माणसानंतर रांग सोडली.

साहेब जिन्यात भेटले. म्हणाले, अहो, खिडकी सोडून इथे काय करताय, राजीनामा मागे घेतलात ते उत्तम केलंत, पण शिस्त नको का? मी यादीची प्रत मागितली. त्यांनी दिली.

‘चार्ज घेणाऱ्याची सही’ — माझी. तेच तिरपं, कॉन्व्हेंटमध्ये घोटलेलं अक्षर.

‘इतर’ही भरलेलं. शेजार. बहीण. घर.

पहिल्यापुढे बरोबरची खूण.

२१ मार्च, गुरुवार

टेलरबाईंनी जिन्यात अडवलं. कुणाकडे आलात, म्हणून विचारलं. हसून ओळख द्यावी म्हटलं. चेहरा हललाच नाही. दिलेली वस्तू आपल्याकडे नसते, हे मला कळायला हवं होतं.

बहिणीला फोन लावला. कोण बोलतंय, म्हणाली. मी म्हटलं, मी. मी कोण? ताई. ती म्हणाली, बाई, चुकीचा नंबर लागलाय, माझी ताई इथे माझ्यासमोर चहा घेतेय.

मागे कुणीतरी हसलं. इतरांनी सुरुवात केल्यावर.

लहानपणी तिला शाळेत मी सोडायचे. तिचं बोट माझ्या मुठीत. घोकून केलेलं नव्हतं ते. एवढंच सांगायचं होतं. वाक्य तयार नव्हतं —

दोन खुणा झाल्या असतील.

२२ मार्च, शुक्रवार. सकाळ

घर. खूण कधी —

कपाटातल्या बश्या कुणीतरी हलवल्या आहेत. पडदे लांब झाले आहेत. पुरे चार इंच. तिने सांगितलं असेल. तिला सांगता येतं.

दुपार

घंटी वाजली. वायर माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. आत्ता पाहिली.

एक, दोन, तीन. थांबते. एक, दोन —

दाराला कडी होती. होती.

समोर खुर्चीत बसली आहे. माझ्या भुवयांच्या मध्ये बघते आहे. जवळून पाहिलं तर दमलेली दिसत नाही. मी रोज दमायचे.

यादी मांडीवर. म्हणते, एकच बाब राहिली आहे. ही वही. यादीत नव्हती म्हटलं तर म्हणाली, सर्व म्हणजे सर्व.

हात पुढे केलाय. आधी पेन द्या म्हणते. गोड बोलते आहे. देऊ नये हे मला कळतं. फक्त नाही म्हणायचं. पाच बाबी लिहून दिल्या त्यात ते नव्हतं, एकोणतीस वर्षांत कधी लागलंच नाही, मी ते कधी शिक—