पुऱ्या गरम हव्यात

शुक्रवार, सालमिया, कुवेत

व्याख्यान झालं. झालं कसलं, उरकलं.

इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी देशमुख महिनाभर मागे लागले होते म्हणून तयार केलं. विषय, व्हिक्टोरियन काळातली इंग्लंडची बाई आणि तिचं वाचन. जमलो त्यांच्याच घरी. बाईला तेव्हा शिकवायचे ते नवऱ्याच्या सोबतीसाठी, मुलांच्या वळणासाठी, तिच्यासाठी नव्हे, एवढं बोलून होतंय तोच देशमुख दबक्या आवाजात बायकोला म्हणाले, "अगं, पुऱ्या गरमच हव्यात हं." ती उठली. मग तिच्या मदतीला एकेक करत सगळ्याच जणी उठल्या. कादंबऱ्या वाचून बायका बिघडतात असं तिथले डॉक्टरसुद्धा म्हणत, हे सांगितलं तेव्हा समोर फक्त पुरुष होते आणि आतून तळणीचा वास येत होता. मी थांबले का नाही? कागद घेऊन सरळ आत का गेले नाही? ओट्याशी उभी राहून बोलले असते.

पुऱ्या मात्र खरंच गरम होत्या. देशमुख खाता खाता म्हणाले, "काय सुंदर बोललात, ताई! हे खरं तर आपल्या बायकांनी ऐकायला हवं होतं."

आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अगं, इकडच्या पुऱ्या संपल्या!"