पावडरच्या डब्याखालची नोट

रविवार, संध्याकाळ

विलासकाका आज करी रोडचं सलून बंद करून अण्णांची दाढी करायला घरी आले. तीस वर्षं अण्णा त्यांच्याच खुर्चीत बसायचे. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून अण्णांची वाचाच गेलीय.

दाढी झाली. मी पैसे दिले आणि वर शंभराची नोट काकांच्या हातात कोंबली. अण्णा बिथरलेच. शाबूत डाव्या हाताने उशाशी ठेवलेला पावडरचा डबा ढकलायला लागले, तोंडातून नुसता आवाज. मला वाटलं, मानेला पावडर हवीय. लावली. ते आणखी चिडले. परत लावली, तर डोळ्यांतून पाणी. शेवटी मी ओरडलो, "अण्णा, हवंय तरी काय तुम्हाला?" का ओरडलो मी?

काकांनी मला बाजूला केलं. नोटेची घडी करून डब्याखाली ठेवली. "अण्णा, बघा, डब्याखालूनच घेतंय हां," म्हणाले आणि मग उचलून खिशात टाकली. अण्णा शांत झाले.

जिन्यात काका म्हणाले, "अण्णांनी कधी हातात टीप दिली नाय, सलूनमध्ये डब्याखालीच ठेवायचे. हातात दिली की उपकार केल्यासारखं होतं, म्हणायचे."

लहानपणापासून अण्णांबरोबर त्या सलूनमध्ये जातोय मी. एकदाही बघितलं नाही?

डबा अजून उशाशीच आहे. आत्ता अण्णा पुन्हा तसाच आवाज काढतायत. पाणी विचारून झालं, पंखा विचारून झाला, डबाही हातात देऊन बघितला. काका तर गेले. आता कोणाला विचारू?