सरांच्या बायकोला दिलेली वेळ

डहाणू, १४ नोव्हेंबर २०१७

पीएचडीचे माझे गाइड आज संध्याकाळी बायकोला घेऊन माझ्या समुपदेशन केंद्रात आले. कासा आणि कैनाडच्या पाड्यांवर नवरा-बायकोंशी बोलून मी केलेलं काम याच माणसाने स्वतःच्या नावावर छापलं, त्यावर प्रोफेसर झाला, आणि मला कॉलेज सोडावं लागलं. आज म्हणतो, "बेटा, ही घर सोडून निघालीय. तूच आम्हाला समजाव. बाहेर कुठे बोलता येत नाही." बेटा म्हणे!

किती बरं वाटलं, काय सांगू. मी शांतपणे म्हटलं, "सर, माझा तुमच्यावर राग आहे. अशा माणसाने तुमचा संसार जोडायला बसू नये, हे तुम्हीच शिकवलंत."

ते ताडकन उठले. बाई मात्र उठल्या नाहीत. म्हणाल्या, "मला एकटीला वेळ द्याल? संसार जोडायचा नाहीये, सोडायचाय."

मी गुरुवार दिला. त्यांच्यासाठी दिला, की सरांना झोंबावं म्हणून? दोन्ही असेल. म्हणजे खरं तर नकोच म्हणायला हवं होतं. पण म्हटलं नाही.

खिडकीतून दिसलं, सर गाडीत एकटेच बसले होते. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.