‘अधिक एक’ आणि देवळाच्या गटातला तिसरा द्वारपाल

तीर्थस्वरूप वेन-पिन दादा,

धाकट्या चिन-थिएनचा वाकून नमस्कार. काओशुंगच्या उकाड्यात तुझा रक्तदाब ताळ्यावर असेल आणि वहिनी तुला खारवलेल्या माशापासून दूर ठेवत असतील, अशी माझू देवीच्या पायी प्रार्थना. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, फक्त मुके आहोत. फोनवरच सांगितलं असतं, पण तू मध्येच हसतोस आणि माझा राग उतरतो. या वेळी तो उतरायला नको आहे.

तुला ठाऊकच आहे, हिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा यंदा देवीच्या पालखीला खांदा देईन असा नवस मी बोललो होतो. ती आता सुईत दोरा ओवते. म्हणजे देवीने तिचं काम केलं, माझं राहिलंय. पालखीला माणसं लागतात आठ. गेल्या वर्षी ‘आधी मी बोललो’, ‘नाही, मी’ करत अंगणात दांड्यावरून जी झोंबाझोंबी झाली (देवी बिचारी आत बसून ऐकत होती), तेव्हापासून पंचांनी ठरवलं की देवळाच्या मोबाइलवरच्या गटात जो आधी लिहील त्याचा खांदा. इथपर्यंत ठीक. पण आपले ल्याओ अध्यक्ष शहरात कुठल्याशा सभेला गेले आणि येताना एक यंत्र घेऊन आले, ते गटात बसवलं. गटात कुणी बोलायचं, कुणी चित्रं टाकायची आणि कुणी नुसतं वाचायचं, हे म्हणे ते आपलं आपण ठरवतं. नाव ठेवलं ‘द्वारपाल’. आपल्या देवळाच्या दारांवर भालेवाले दोन द्वारपाल पिढ्यान् पिढ्या उभे आहेत. त्यांनी आजवर कुत्र्यालाही हाकललेलं नाही. या तिसऱ्याने भक्तच हाकलले.

झालं असं, की अध्यक्षांनी गटात विचारलं, पालखीला कोण कोण? आता आपल्याकडे जेवणाचे डबे मागवायचे असोत, की लग्नाला जायचं असो, माणूस ‘अधिक एक’, म्हणजे मलाही धरा, एवढंच लिहितो आणि मोकळा होतो. मी सगळ्यांच्या आधी लिहिलं, ‘अधिक एक’. मागोमाग बाकीच्यांनीही तेच. द्वारपालाला शिकवून ठेवलेलं, की एकच मजकूर पुन्हापुन्हा आला की तो उपद्रव समजायचा. त्याने लिहिणाऱ्या एकूणएक माणसाची बोलण्याची परवानगी महिनाभरासाठी काढून घेतली, आमचं लिहिलेलंही पुसलं आणि खाली नम्रपणे टाकलं, ‘गट स्वच्छ ठेवण्यास सहकार्य केल्याबद्दल आभार’. (कचरा म्हणजे आम्ही.) पालखी तर पुढच्याच आठवड्यात! वाचला एकटा आ-तू काका. त्याने लिहिलं होतं, ‘कंबर धरली आहे, मला धरू नका.’ हे वाक्य दुसऱ्या कुणासारखं नव्हतं, म्हणून यंत्राला ते पसंत पडलं आणि पालखीच्या यादीत त्याचं एकट्याचं नाव लागलं. आता तो कमरेला पट्टा आवळून देवळाच्या पायरीवर बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतो, “का रे, नाही म्हणायचीसुद्धा शिकवणी लावायची का आता?”

मी अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, तोंडाने सांगतो, मी येणार. तर म्हणतात, “चिन-थिएन, या कानांनी ऐकलं रे बाबा, पण गटात कुठं दिसतंय?” म्हटलं, मग गटाचं तोंड उघडा. तेव्हा त्यांनी चहा मागवला, आणि मी ओळखलं की पाणी मुरतंय. त्यांचं स्वतःचंच तोंड बंद झालेलं! रोज सकाळी तेच कमळाचं चित्र, वर तेच ‘सुप्रभात’. द्वारपालाने मागाहून त्यांनाही उपद्रवात जमा केलं. आणि यंत्राला हुकूम द्यायचा तर तो गटातच लिहावा लागतो. किल्ली आत ठेवून दार ओढणारी माणसं मी पाहिली आहेत, पण त्या कुलपाचं हार घालून उद्घाटन करणारा हा पहिलाच.

मी गावच्या शाळेत शिकलेला, मला यंत्रातलं कळत नाही. पण देवीपुढे रोज इतकी माणसं तेच ते मागतात, मूल होऊ दे, होडी सुखरूप परत येऊ दे. पुन्हा तेच काय, म्हणून तिने कुणाचं तोंड दाबल्याचं ऐकिवात नाही. कंटाळत नाही म्हणून तर ती देवी.

वहिनींना नमस्कार. प्रकृतीला जप.

तुझा धाकटा,
चिन-थिएन

ता. क. हा गट मुळात गाव सोडण्याआधी तू काढलास, त्यामुळे सगळ्यांच्या वरचा अधिकार अजून तुझ्याकडेच आहे, असं अध्यक्ष म्हणतात (पडलेल्या आवाजात). तेवढं माझं तोंड उघड.

आणखी एक ता. क. फक्त माझंच. सगळ्यांची एकदम उघडलीस तर बाकीचे माझ्याहून तरुण, त्यांची बोटं भराभर चालतात. मला दोन शब्द लिहू दे, मग त्यांना सोड. अध्यक्षांचं मात्र पालखी होईपर्यंत बंदच असू दे. यंत्र अगदीच वाईट आहे असं नाही.

शेवटचं ता. क. हे देवीला चालेल का, म्हणून मी तिच्यापुढे कौलाचे लाकडी ठोकळे टाकले. दोन्ही उताणे पडले, म्हणजे देवी नुसती हसली. हसली म्हणजे, नाही तर म्हणाली नाही ना!