गोदा धवलेरीची साक्ष

हेमंतभावजी,

आज जव्हारच्या कोर्टात माझा निकाल लागला. तुमचे भाऊ गेल्यावर तुम्हीच म्हणाला होतात, "नोंदणीचा कागद नाही, तर लग्न कसलं? शेतात हिस्सा मिळणार नाही."

म्हणून आमचं लग्न लावणाऱ्या गोदा धवलेरीला मी साक्षीला नेलं. जजसाहेबांनी तिला विचारलं, "लग्न कसं लावलंत?" म्हातारीने तिथेच लग्नाचं गाणं धरलं! वकील हसले, पण साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि धवलेरीच्या गाण्याने लग्न लागतं ही आपल्या लोकांची रीत निकालात लिहिली. मला हिस्सा मिळाला. आम्ही दोघी कोर्टाच्या दारातच नाचलो.

भावजी, तुमच्या लग्नाचाही कागद नाही. तेही गोदानेच लावलंय. म्हणजे आज तुमची बायको प्रेमाही जिंकली. हे पत्र पाठवत नाही, तिला मीच जाऊन सांगते.

तुमची वहिनी,
चंदा