तुझ्या गाडीची खडखड

रोहा, मे १९९६

चिरंजीव मायकल यास,

रोह्याहून तुझ्या एलिजादादाचा शालोम आणि वडिलकीच्या हक्काचे भरघोस आशीर्वाद. तिकडे इस्रायलात, अश्दोदला, तुम्ही सगळे खुशाल असाल. आमच्याकडे माझा गुडघा सोडला तर सगळं ठीक आहे, आणि गुडघ्याचं दुखणं तुझ्याच गाडीमुळे आहे, ते पुढे येईलच. पेणला तुझ्या आईची, आमच्या दीनाआत्याची, तब्येत बरी आहे. कानाला थोडं कमी येतं असं ती म्हणते. (मला तसं वाटत नाही. तिला नको असेल तेवढंच ऐकू येत नाही.) तुझी वहिनी रूथ तुला पुष्कळ आठवणी सांगते आणि गाडी आमच्या पडवीतून कधी हलणार ते विचारते.

तुझं पत्र मिळालं. गाडी विकून टाक, तिकडून इतक्यात येणं जमत नाही, असं तू लिहिलंस. पत्र मी पुन्हा एकदा वाचलं. कारण जाताना तू आत्यासमोर बोटावर किल्ली फिरवत काय म्हणाला होतास, ते मला आठवत होतं. ‘आई, गाडी हितंच हाय ना? मग मी येणारच की!’ तुला आठवत नसेल. आत्याला आठवतं. पण तू मालक, मी नुसता राखणदार, तेव्हा गिऱ्हाईक बघायला लागलो.

तुझी गाडी म्हणजे काय प्रकरण आहे ते तू विसरला असशील, म्हणून सांगतो. लाल रंग, उघडा टप, बसायला दोघांनाच जागा आणि जमिनीपासून इतकी खाली की निडीजवळ म्हैस आडवी आली तर मला फक्त तिचे गुडघे दिसतात. बॅटरी उतरू नये म्हणून मी दर रविवारी ती पेणपर्यंत चालवतो. तुमच्या गल्लीत ती शिरत नाही, म्हणून कोपऱ्यावर उभी करतो. आत्या डोक्यावर पदर घेऊन डाव्या बाजूला बसते, खाडीपर्यंत एक चक्कर होते, आणि मग मला चहा मिळतो. हा आमचा नेम तू गेल्यापासून चालू आहे.

गिऱ्हाईक चांगलं मिळालं. जोह्याचे दिनानाथशेठ, गणपतीचे कारखानदार. मुलाचं लग्न ठरलंय आणि मुलाला वरातीला हीच गाडी पाहिजे. शेठनी एक चक्कर मारली, खाली उतरले आणि म्हणाले की गाडी झकास आहे, पण आत काहीतरी खडखडतंय, ते काढा, मग गाडी आमची. आता मायकल, खडखड होती हे मलाही ठाऊक होतं. बारीक होती, खिशात सुटे पैसे वाजावेत तशी. मी कंपनीत इतकी वर्षं मेंटेनन्सला काढली, पंपाला कान लावून बेअरिंग सांगणारा माणूस मी, मला वाटलं अर्ध्या तासाचं काम. चहा पिता पिता आत्यालाही सांगून टाकलं की खडखड थांबली की गाडी गेली. तिनं ‘बरं’ म्हणून कप उचलून नेला.

पुढच्या रविवारपासून आवाज वाढला. यातलं काही माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. अक्कल गहाण टाकल्यासारखा मी गाडीच्या मागे लागलो. आधी सायलेन्सर सोडवला, मग सीट काढल्या, मग डॅशबोर्ड. (डॅशबोर्ड परत बसवला आहे. चार स्क्रू उरले, ते डबीत ठेवलेत.) गाडीखाली सरपटताना गुडघा दगडावर आपटला तो तेव्हाच. रोह्यातला पोपट मेकॅनिक म्हणाला, इंजिन उतरवू. रूथ म्हणाली, तुम्हीच उतरा. शेवटी मी हैबतरावांना बोलावलं. हैबतराव एस.टी.तून रिटायर झालेले ड्रायव्हर, अंगानं काडी, आणि कानाबद्दल भारी घमेंड. त्यांचं म्हणणं असं की चालवणाऱ्याला आवाज कळत नाही, आवाज मागून ऐकावा लागतो. म्हणून ते डिकीत झोपणार. मी नको म्हटलं का? अजिबात नाही. मला तर ते फार शास्त्रीय वाटलं!

ठरलं असं की आवाज डावीकडून आला तर त्यांनी एकदा ठोकायचं, उजवीकडून आला तर दोनदा. नागोठण्यापर्यंत शांतता होती. हायवेला लागलो आणि एकदा ठोकल्याचं ऐकू आलं. म्हटलं, डावीकडे! मग दोनदा. म्हटलं, दोन्हीकडे आहे की काय? कासूच्या पुढे तर ठोकणं थांबेचना. मी मनात म्हटलं, वा, काय कान आहे माणसाचा, आणि निदान पक्कं व्हावं म्हणून वेग वाढवला. पेणला पोचून डिकी उघडली तेव्हा कळलं की सायलेन्सर मी नीट बसवला नव्हता आणि धूर सगळा डिकीत जात होता. हैबतराव बाहेर आले ते काजळी फासून. त्यांनी आधी माझा उद्धार केला, मग माझ्या कंपनीचा, आणि मग खोकत खोकत म्हणाले, ‘डावं दार. मरता मरता ऐकलंय. डावं दार खोला.’

भर गल्लीच्या तोंडाशी, अर्धं पेण बघत असताना, आम्ही डाव्या दाराचा आतला पत्रा काढला. आणि मायकल, दारातून बिया सांडल्या. खजुराच्या बिया. ओंजळ भरून सांडल्या, तरी येतच होत्या.

आत्या ओट्यावरून उतरून तिथवर आली होती. मी विचारलं, आत्या, हे काय? ती जराही ओशाळली नाही. ‘व्हय, मीच टाकते. काच आत जाते ना, त्या फटीतून.’ तुझ्या नावानं ती दर शनिवारी शब्बाथ उतरला की एलियाहू हन्नाबीचा, त्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताचा, मलिदा करते. पोहे, खोबरं, साखर, वर खजूर. त्यातला एक खजूर पदरात बांधून ठेवते आणि रविवारी गाडीत बसली की खाते. गिऱ्हाईकाचं कळल्यापासून मात्र एकाऐवजी मूठभर खजूर आणत होती. नवसाच्या खजुराची बी पायदळी जाऊ द्यायची नाही, ही तुमच्या घरची रीत तुला ठाऊक आहेच. मी म्हटलं, अगं पण गाडीच्या दारात? तर म्हणते, ‘हन्नाबी रथातनं फिरतो ना रं? मग गाडीचं गाऱ्हाणं त्याच्याबिगर कोनाला कळनार? त्याला म्हटलं, हिचा धनी घेऊन ये.’ हैबतरावांनी खोकणं थांबवलं.

मग तिनं विचारलं, ‘आता वाजत नाय ना? मंग नेतील ते लोक?’ मी मान हलवली. तिनं खाली बसून एकेक बी वेचली, पदरात घेतली आणि घरात गेली. त्या रविवारी चक्कर झाली नाही. चहाही मी मागितला नाही.

परतीच्या वाटेवर गाडी एकदम गप्प होती. हैबतराव शेजारी बसून म्हणाले, बघा, कसा आवाज काढला. मला त्यांच्या तोंडात मारावीशी वाटली. खरं तर स्वतःच्याच मारायला हवी होती. वाईट वाटतं रे, फार वाईट वाटतं. काही आवाज शोधायचे नसतात, हे मला मेंटेनन्समध्ये कोणी शिकवलं नाही. पण तू सांगितलंस, मी केलं. गाडी आता ठणठणीत आहे, दिनानाथशेठना निरोप धाडला आहे. मुलांना पापे. सांभाळून राहा.

तुझा,
एलिजादादा

ता. क. पत्र पोस्टात टाकायचं राहिलं, म्हणून लिहितो. शेठ काल येऊन गेले. वडखळपर्यंत गाडी चालवली आणि तिथंच उतरून एस.टी.नं घरी गेले. म्हणाले, ही खडखड तर पहिल्यापेक्षा दुप्पट आहे, वरातीत बँडसुद्धा ऐकू येणार नाही. मी फार दिलगिरी व्यक्त केली.

ता. क. दुसरा. रूथ म्हणते खरं लिहा. लिहितो. घरातला सगळा खजूर आम्ही दोघांनी शुक्रवारी बसून संपवला, आणि बियांनी दोन्ही दारं भरली. रविवारी आत्याला चक्कर मारून आणली. कानाला कमी येतं म्हणणारी तुझी आई सबंध रस्ताभर दाराला कान लावून बसली होती, आणि चहाबरोबर मला ऑम्लेटही मिळालं. पण पोटाला आता खजूर सोसत नाही आणि गिऱ्हाईकं काय, येतच राहणार. तुमच्याकडे खजूर चांगला मिळतो म्हणतात. मोठ्या बियांचा बघून घे. पार्सलनं पाठवू नकोस. घेऊन ये.