हसलेलं पुसून टाकायचं

मी, खाली सही करणारी, टेलिफोन खात्यातली निवृत्त ऑपरेटर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाचं मात्र आता फारसं खरं नाही, असंही त्यांनीच सांगितलं, म्हणून ही घाई. मोबाईलवर लोक मला 'खडूस सासू' म्हणून ओळखतात. ही ओळख मी कोणालाही वारसाने देत नाही. ती माझ्याबरोबरच संपावी.

१. तिसऱ्या मजल्यावरचं माझं दोन खोल्यांचं राहतं घर माझ्या सुनेला द्यावं. मुलाने वाईट वाटून घेऊ नये. तो जहाजावर असायचा, आणि हे घर आम्हा दोघींच्या कमाईचं आहे. तिची नोकरी सुटली तेव्हा वेळ जावा म्हणून आम्ही पहिला व्हिडिओ केला. मी छळायचं, तिने सोसायचं. जन्मभर फोनवर गोड आवाजात 'कृपया थांबा' म्हणणाऱ्या बाईला मनसोक्त खेकसायला मिळालं, मला तर मजाच आली. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं आणि मला पायाखाली, पण घराचे हप्ते फिटले. भाजीवाला मला मुद्दाम सडके टोमॅटो द्यायचा. मग ती जाऊन बदलून आणायची आणि त्याने माझ्या नावाने कशी कशी बोटं मोडली ते मला साग्रसंगीत ऐकवायची.

२. किल्ल्यांचा जुडगा, काचा नसलेला चष्मा आणि तपकिरी शाल हे खडूस सासूचं सामान भंगारात द्यावं. जुडग्यातली एकही किल्ली कुठल्याच कुलपाला लागत नाही. उगाच कोणी कपाटं धुंडाळू नयेत.

३. इमारतीच्या सेक्रेटरींना माझा स्क्रूंचा डबा द्यावा. जिन्याचा कठडा हलतो हे त्यांना सांगून सांगून आमच्या तोंडाला फेस आला होता. तोच कठडा निसटून सून खाली पडली. मी तिच्या मागून उतरत होते, पिशवी टाकून धावले, पण हाती लागली नाही. पोलिसांना या सेक्रेटरींनी सांगितलं, "घरात रोज मारहाण चालायची, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीय." कुठे पाहिली, तर फोनवर. चौकशीत काही निघालं नाही, पण मीच तिला ढकललं, हा लोकांचा निकाल केव्हाच लागला होता. या गृहस्थांना मी माफ केलेलं नाही, याची नोंद असावी.

४. ती पडल्यावर आमचे जुने व्हिडिओ कधी नव्हे इतके पाहिले गेले. त्यातून आलेल्या पैशाला मी हात लावलेला नाही. तो तिच्या उपचारांनाच जावा. त्यानंतर चॅनेल बंद करावं.

५. आता मुख्य गोष्ट. वकिलांच्या मते हे कलम मृत्युपत्रात बसत नाही. मला द्यायचं आहे ते एवढंच आहे, बाकी सगळं सामान आहे.

डोक्याला मार लागल्यामुळे सुनेची लग्नानंतरची सगळी वर्षं पुसली गेली. तिला काहीतरी आठवावं म्हणून तिच्या माहेरच्यांनी तिला आमचे व्हिडिओ दाखवले. त्यांच्याजवळ दुसरं होतं काय? तिने मला पुन्हा ओळखलं ते तिथून. मुलाने फोनवर हे सांगितलं आणि मग विचारलं, "आई, मी कुणाचं खरं मानू?" त्याचं चुकलं नाही. सुट्टीवर आला की आम्हाला हसताना पाहायचा, पण वर्षातले किती दिवस? उरलेले दिवस तोही जहाजावर बसून तेच बघत होता.

आमचा एक नियम होता. व्हिडिओत दोघींपैकी कोणी हसलं, की तेवढं ताबडतोब पुसायचं. एकदा का सासू हसताना दिसली, की लोकांचा विश्वास उडतो. आणि आम्ही तर प्रत्येक वेळी हसायचो. सून फार काटेकोर, तिने एक हसू मागे ठेवलं नाही. चौकशीच्या वेळी मी फोन पालथा घातला. त्यात माझं ओरडणं आणि तिचं रडणं, एवढंच होतं.

थप्पड कशी व्हायची तेही लिहून ठेवते. मी हात उगारून तिच्या गालाजवळून नुसता फिरवायचा. आवाज ती काढायची, स्वतःच्याच मांडीवर उजवा हात आपटून, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा. माझा हात वर गेला की तिचा खाली यायचा. इतकी सवय झाली होती, की मी फळीवरचा डबा काढायला हात वर केला तरी तिची टाळी वाजायची आणि मग आम्हाला हसू आवरायचं नाही.

इस्पितळात मला एकदाच भेटू दिलं. तिचे वडील दारातच उभे. ती मला "अहो" म्हणाली. तेव्हाच मी मेले, बाकी आता नुसते सोपस्कार. तिच्या केसांवरून हात फिरवावा म्हणून मी हात उचलला. ती आक्रसली, डोळे मिटले, आणि तिचा उजवा हात फाटकन मांडीवर आपटला. वडील म्हणाले, "बघा, किती घाबरते ती तुम्हाला," आणि मला बाहेर काढलं. तो हात का आपटला ते सांगितलं असतं, तरी कोणी खरं मानलं असतं?

पोरी, हे तुला वाचून दाखवतील तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, घरही नको असलं तर घेऊ नकोस. फक्त कोणालातरी तुझ्यासमोर हात उगारायला सांग आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघ. मार खाणारी बाई गाल झाकते.

वरील मजकूर मी वाचला, मला मान्य आहे.

सही: (वकिलांनी पूर्ण नाव घातलं आहे. घरात मला आई म्हणत.)
ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
तारीख: शिक्क्यात आहे ती

साक्षीदार पहिले: डॉक्टर. माझ्यासमोर सही केली.
साक्षीदार दुसरी: शेजारची शिवणकामवाली. माझ्यासमोर सही केली. भिंतीला भिंत लागून आहे. दोघी हसायच्या ते मला रोज ऐकू यायचं. मी पोलिसांना सांगितलं होतं, त्यांनी लिहून घेतलं नाही, म्हणून इथे लिहिते.